मेलेली टाकी आणि तिरोड्याचे पाहुणे

बालाघाट,
२० नोव्हेंबर १९६७

प्रेमलाल भाऊ, राम राम.

मामीला नमस्कार सांग, पण हे पत्र तिला वाचून दाखवू नको. ती लगेच गावी, हट्ट्याला, माझ्या आईकडे निरोप धाडेल.

आईला मी सांगून ठेवलं आहे की प्रोफेसरशी तत्त्वावरून भांडण झालं म्हणून कॉलेज सोडलं. भांडण झालं हे खरं. तत्त्वाचं नाव शीला आहे, डोमाजी फुंडे कंपाउंडरची मुलगी, हे फक्त तुला माहीत आहे. तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं असं कळल्यावर नागपुरात बसून परीक्षानळ्या धुणं मला जमेना. प्रोफेसर म्हणाले, लक्ष कुठे आहे? मी सांगितलं, बालाघाटला. ते हसले. मग मी नळी आपटली. आता तूच सांग, चूक कोणाची?

इथे मला नोकरी लागली आहे. मोतीलाल सेठनी बांधलेला धर्मादाय दवाखाना तू पाहिलेला आहेस. त्याचं सारं सांडपाणी मागच्या एका मोठ्या बंद टाकीत जातं. टाकीतले जंतू ती घाण खातात. मग पाणी दोन उघड्या तळ्यांत येतं, उन्हात हिरवं होतं, आणि नाल्यातून वैनगंगेला मिळतं. ही टाकी आणि तळी सांभाळणारा इसम म्हणजे मी. लोक टाकीवाला म्हणतात. म्हणू दे. टाकीच्या पलीकडे तारेचं कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे डोमाजींचं क्वार्टर. बी.एस्सी. पूर्ण करून एवढी चांगली जागा मला मिळाली असती का?

पण भाऊ, टाकी बिघडली. आधी असा वास नव्हता. सेठ दवाखाना पाहून गेले त्या आठवड्यापासून असा सुटला आहे की वॉर्डातले पेशंट बरे नसतानाच सुट्टी मागून राहिले आहेत. नेमके रविवारी तिरोड्याचे पाहुणे शीलाला पाहायला आले. पोह्यांना कोणी हात लावला नाही. मुलाच्या मामाने उपरणं नाकाला लावूनच विचारलं की इथं रोजच असं असते का. मुलगा तर उंबरठ्याच्या आतच आला नाही. उरलेली बैठक अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून झाली आणि चहा यायच्या आत संपली.

ते गेल्यावर डोमाजी तडक कुंपणाशी आले. "पोट्ट्या, तू टाकी पाहून राह्यला का माहं घर?" मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, दोन्ही एकाच बाजूला आहेत, मी काय करू. सेठपर्यंत तक्रार गेली. होळीच्या आत टाकी सुधारली नाही तर मला काढणार.

आता माझा पेच पाहा. टाकी नाही सुधारली तर माझी नोकरी जाते, आणि कुंपणाशी उभं राहायला कारण उरत नाही. टाकी सुधारली तर पाहुणे येतील, पोहे खातील, शीलाला पसंत करतील. मी कोणत्या बाजूने लढू? शिवाय पाहुणे गेल्यावर शीलाचे डोळे लाल दिसले. तिला तिरोड्याचा तो मुलगा आवडला होता असं दिसते. मला जेवण जाईना.

तू पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतोस. टाकीला काय झालं ते सांग.

तुझा,
घनश्याम


नागपूर,
२९ नोव्हेंबर १९६७

घनश्याम यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या मामीने विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं टाकीबद्दल आहे. खोटं बोलावं लागलं नाही.

डोळे लाल होण्याबद्दल: सडक्या टाकीच्या वाफेने कोणाचेही होतात. तुझेही झाले असतील, आरशात पाहा.

टाकीबद्दल साहेबांना विचारलं. ते म्हणाले की चालती टाकी एकदम बसली तर जंतू मेले. दवाखान्याच्या टाकीत जंतू मारायला काय जात असेल ते तुझ्यासारख्या सायन्सवाल्याने ओळखायला पाहिजे होतं. पेशंटच्या अंगातले जंतू मारायचं औषध मोरीतून टाकीत गेलं तर तिथेही तेच काम करते. हा जंतू रोगाचा, तो आपला कामाचा, एवढं त्याला कळत नाही. आधी कोण काय ओततं ते शोध. भांडण न करता शोध. मग कोणत्या तरी चालत्या टाकीतला काळा गाळ आणून तुझ्या टाकीत घाल, सोबत शेण कालवून दे, आणि हिवाळाभर धीर धर. थंडीत जंतू हळू वाढतात.

टाकीत येणाऱ्या आणि तळ्यातून जाणाऱ्या पाण्याच्या बाटल्या मला पाठव. आमच्याकडे एक सोपी परीक्षा आहे. बशीत जंतूंचा थर वाढवायचा, वर तुझ्या पाण्यात भिजवलेला कागदाचा तुकडा ठेवायचा. पाण्यात औषध असेल तर कागदाभोवतीचे जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल कडं दिसते. औषध नसेल तर कडं नाही.

प्रेमलाल


बालाघाट,
१७ डिसेंबर १९६७

प्रेमलाल भाऊ, राम राम.

चोर सापडला, आणि तो माझा होणारा सासरा आहे. म्हणजे झाला तर.

सेठच्या मुंबईच्या कोणा पाहुण्याने दवाखान्याला औषधांच्या पेट्या दान केल्या होत्या. क्षयाच्या इंजेक्शनचं स्ट्रेप्टोमायसिन आणि पिवळं टेट्रासायक्लिन. सगळ्यांची मुदत कधीच संपलेली. पेशंटला देता येत नाही. फेकावं तर प्रत्येक बाटलीवर सेठच्या नावाची चिठ्ठी, उकिरड्यावर सेठचं नाव कसं दिसू द्यायचं? म्हणून सेठ पाहायला येणार त्याच्या आधी डोमाजींनी अर्ध्या पेट्या फोडून मोरीत रिकाम्या केल्या आणि बाटल्या धुऊन रांगेत लावल्या. सेठ खूश झाले, दान कामी आलं म्हणून.

तू भांडू नको म्हणाला होतास. मी भांडलो नाही, फक्त जरा मोठ्याने बोललो. अनुसया नर्स सांगते की ते बाहेरच्या रांगेत ऐकू गेलं. डोमाजी आधी लाल झाले, मग म्हणाले, "बाप्पा, औषधानं टाकी मरते हे कोनाले मालूम?" आणि उरलेल्या पेट्या कोठडीत बंद करून टाकल्या. यापुढे थेंब जाणार नाही असं त्यांनी सांगितलं. माणूस वाईट नाही. फक्त माझा चेहरा त्यांना सहन होत नाही.

एक चांगली गोष्ट झाली. शीला कपडे वाळत घालायला आली होती तेव्हा मी तिला सारं शास्त्र समजावलं. जंतू, गाळ, तुझी ती बशी आणि कडं. तिने किती बारीक विचारलं म्हणून सांगू. पिवळं जास्त वाईट का पांढरं, किती गेलं तर टाकी बसते, ओतल्यावर वास यायला किती वेळ लागते. आमच्या वर्गातही एवढी आवड कोणाला नव्हती. मी म्हटलं, तुले सायन्सची एवढी गोडी आहे हे मले मालूम नव्हतं. ती म्हणाली, "मले बी नव्हतं." आणि टोपली उचलून गेली. त्या दिवसापासून मी दुप्पट शेण कालवून राहिलो.

गाळ गोंदियाहून आणला. एका राइस मिलच्या वसाहतीची टाकी चांगली चालते, तिथला. दोन तुपाचे डबे भरून लहान रुळांच्या रेल्वेगाडीने निघालो. झाकणं घट्ट बसवली होती, पण जिवंत गाळ आतून फुगतो हे तू लिहिलं नव्हतंस. अर्ध्या वाटेत एक झाकण उडालं. सीटवरच्या म्हाताऱ्या बाईने आधीच विचारलं होतं की तूप गावठी आहे का, आणि मी, उगाच बोलणं वाढू नये म्हणून, हौ म्हणालो होतो. पुढचा प्रवास मी दारात उभा राहून केला. डबे माझ्यासोबत, बाकी डबा रिकामा.

बाटल्या पाठवत आहे.

घनश्याम


नागपूर,
९ जानेवारी १९६८

घनश्याम,

तुझ्या बाटल्या पोचल्या. पार्सल साहेबांनी उघडलं. त्यांना वाटलं घरून लोणचं आलं. यापुढे बाहेर स्पष्ट लिहीत जा.

परीक्षा केली. टाकीत येणाऱ्या पाण्याचं कडं मोठं आलं, वेगवेगळ्या दिवसांच्या सगळ्या बाटल्यांना. म्हणजे डोमाजींनी पेट्या बंद केल्या असं तू म्हणतोस, पण औषध अजून मोरीत जाऊन राहिलं आहे, आणि एकदा नाही, रोज थोडं थोडं. तळ्यातून बाहेर जाणाऱ्या पाण्यालाही कडं आहे. ते वैनगंगेत जातं हे ध्यानात ठेव. खाली लोक अंघोळ करतात, टरबुजाच्या वाड्या आहेत.

कोण ओततं ते पाहा. शांतपणे.

प्रेमलाल


बालाघाट,
२५ फेब्रुवारी १९६८

प्रेमलाल भाऊ,

शांतपणे कसं पाहू? टाकी सुधारत आली होती. वास कमी झाला होता, पहिल्या तळ्यावर हिरवी छटा धरली होती, वॉर्डाच्या खिडक्या उघडल्या गेल्या. मी सेठच्या मुनीमाला बोलावून दाखवलं. त्याने मान हलवली आणि पान थुंकलं, तेही तळ्यात नाही, बाजूला. म्हणजे मान ठेवला.

आणि लांजीचे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी टाकी पुन्हा मेली. तळं राखेच्या रंगाचं झालं. बैलगाडी फाटकापाशी थांबली, बैलच पाऊल टाकेनात. लांजीवाले खालीसुद्धा उतरले नाहीत. डोमाजी गाडीमागे धावले. मी टाकीवर उभा होतो, मला लपायला जागा नव्हती.

कोण करते हे? अनुसया नर्सवर संशय घेतला, तिने इंजेक्शनची सुई दाखवली. झाडूवाल्या नथ्थूवर घेतला, तो म्हणाला की वास त्यालाच पहिला येते, तो कायले करन. मग मला वाटलं सेठचे दुश्मन असतील. सेठला दुश्मन कोण? सगळ्यांना तर त्यांनी दवाखान्यात जागा दिली आहे.

आणि शीलाचं वागणं मला कळत नाही. टाकी सुधारत होती तेव्हा कुंपणाशी आली की तोंड फिरवायची. मी एकदा आनंदाने सांगितलं, पाहा, तळ्यात किडे पोहून राहिले, म्हणजे पाणी जिवंत झालं. तर म्हणते, "तुमचे किडे तुमच्यापाशी ठेवा." आणि लांजीवाले गेले त्या दिवशी हीच पोरगी मला पाहून हसली, दुरून. माझी फजिती झाली म्हणून हसली. भाऊ, तिला मी मुळीच आवडत नाही. मी दोन दिवस शेण कालवलं नाही.

सेठने होळीची मुदत पाडव्यापर्यंत वाढवली आहे. ही शेवटची.

घनश्याम


नागपूर,
४ मार्च १९६८

घनश्याम,

एक प्रश्न. टाकी कधी मरते, आणि घरी पाहुणे कधी येतात, हे दोन्ही शेजारी शेजारी लिहून पाहा. कोठडीची किल्ली डोमाजींच्या घरात कुठे टांगलेली असते तेही पाहा. उत्तर मी सांगणार नाही. कॉलेज सोडलेल्यांना थोडा वेळ लागतो, लागू दे.

आता टाकीचं. साहेब म्हणतात की रोज थोडं थोडं औषध जाऊन राहिलं असेल तर तेही सगळं वाईट नाही. नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात, उरलेले वाढतात, आणि त्यांतले काही औषधालाच तोडून खायला लागतात. म्हणून औषध बंद करता येत नसेल तर टाकीचं खाणं बंद करू नको. शेण दे, ढवळत राहा, आता उन्ह वाढेल. एकदम जास्त गेलं तरच ती बसेल. तेही किती काळ, सांगता येत नाही.

तू दोन दिवस शेण कालवलं नाहीस हे टाकीवर अन्याय आहे. तिने तुझं काय केलं?

प्रेमलाल


बालाघाट,
७ एप्रिल १९६८

प्रेमलाल भाऊ, राम राम.

तुझं पत्र मी दोन-तीन आठवडे रोज वाचलं आणि रोज वेगळ्या माणसावर संशय घेतला. खरं नाव मनात येत होतं, पण ते इतकं चांगलं होतं की खरं असेल असं वाटेना.

पाडव्याच्या आधी तुमसरचे पाहुणे येणार होते. मुलगा शाळेत मास्तर, घरी धान, विहीर, सगळं. डोमाजींनी मला बोलावून हात जोडले. मला हात जोडले, भाऊ. म्हणाले, "घनश्याम, हा एक दिवस टाकी सांभाळ. मंग तुले काय पाह्यजे ते माग." मला काय पाहिजे ते तोंडावर आलं होतं, पण मी गिळलं आणि हौ म्हणून टाकीवर गेलो. मी असा मूर्ख आहे.

त्या दिवशी सकाळपासून मी मोरीच्या नळाशी पहारा धरला. पाहुण्यांचा टांगा फाटकात शिरला आणि मोरीतून पिवळं पाणी आलं. धार नाही, लोंढा. मी धावत दवाखान्याच्या मागच्या मोरीवर गेलो. शीला पाहुण्यांसाठी नेसलेलं जांभळं लुगडं कमरेला खोचून बाटल्या उपड्या करत होती. पायाशी रिकामी पेटी.

 तीच आधी बोलली. वर न पाहता म्हणाली, बाजूला व्हा, कालपासून ओतून राहिली, अजून आहेत.

मी कसंबसं विचारलं की काहून. ती म्हणाली की तिरोड्याचे गेले ते बाबांच्या चुकीने, पण तेव्हा तिला रस्ता दिसला. पुढचं शास्त्र मीच शिकवलं होतं. रोज एक एक बाटली, पाहुणे यायचे असले की जास्त. तीन महिने ती स्वतःच्या घरात नाकाला पदर लावून जेवली. "अन् तुम्ही! मी टाकी मारते, तुम्ही जित्ती करता. गोंदियाहून डबे आनता. कोनासाठी मारून राह्यली होती मी, हे एकदा तरी विचारलं का?"

भाऊ, मी खाली बसलो. तिथे बसण्यासारखी जागा नाही, तरी बसलो.

मग आम्ही दोघं वासाची वाट पाहत उभे राहिलो. वास आला नाही. थोडं थांबलो. नाही आला. टाकीवर गेलो, झाकण उचललं, आत नेहमीसारखं खदखदत होतं, मजेत. तिने हिवाळाभर रोज एक बाटली पाजून टाकीला सवय लावली होती. मी शेण देऊन अंगात जोर भरला होता. आता पेटीभर औषधाला ती दाद देईना. घरातून तुमसरवाल्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मुलाचा बाप म्हणत होता, जागा मोकळी आहे, हवा चांगली आहे. पोहे दुसऱ्यांदा मागितले गेले.

शीलाने विचारलं, आता नाही मरत का ही? मी म्हटलं, नाही मरत, शिकली.

ती म्हणाली, "टाकी शिकली. तुम्ही कवा शिकान?"

मला राग आला. तुला माहीत आहे मला राग आला की काय होतं. मी तसाच निघालो, गाळाच्या बुटांनिशी, पायरीवर चढलो आणि बैठकीच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तुमसरच्या मास्तरच्या हातात चमचा होता. मी डोमाजींना म्हटलं, तुम्ही म्हणाला होता काय पाहिजे ते माग. मी मागून राहिलो. शीला मला द्या.

 माझ्या बुटांतून सतरंजीवर पाणी निथळत होतं. वास शेवटी आला तो माझ्याच बुटांचा. मास्तरच्या बापाने पाय वर घेतले. तेवढ्यात शीला दारात आली, हात पिवळे, आणि सरळ म्हणाली की मले बी हेच पाह्यजे.

तुमसरवाले भले लोक निघाले. मास्तरने जाताना मला नमस्कार केला आणि विचारलं की शाळेच्या संडासाला अशी टाकी बांधता येईल का. डोमाजी मात्र भिंतीकडे पाहत बसले. शेवटी तिचे हात पाहिले आणि म्हणाले, "पिवळे हात मी लग्नात पाहीन म्हनत होतो." मग माझ्याकडे वळले. कॉलेज काहून सोडलं ते विचारलं. प्रोफेसरशी तत्त्वावरून, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि शीलाने असं पाहिलं की खरं सांगितलं.

डोमाजींचं म्हणणं असं. जुलैत परत नागपूर. बी.एस्सी. पास होईपर्यंत लग्नाचा शब्द नाही. पास झालो तर हौ. नापास झालो तर तुमसर काही उठून गेलं नाही. आणि टाकी? तर म्हणाले, टाकी जिने बिघडवली तीच पाहील.

सोबतच्या बाटल्या टाकीत येणाऱ्या आणि तळ्यातून बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या आहेत, त्याच दिवशीच्या आणि नंतरच्या. लवकर पाहून सांग.

घनश्याम


नागपूर,
२० एप्रिल १९६८

घनश्याम,

कडं नाही. टाकीत येणाऱ्या पाण्याला मोठं कडं, तळ्यातून जाणाऱ्याला काहीच नाही. साहेबांनी बशी दोनदा उजेडात धरली. एवढं औषध गेलं कुठे? काही जंतूंनी तोडलं, काही उन्हाने, आणि काही गाळाला चिकटून बसलं असेल. किती कुठे, ते या बशीतून कळत नाही. साहेबांना ती टाकी पाहायची आहे. मी सांगितलं, पाहुणे म्हणून जाऊ नका.

शीलाला एक सांग. औषधाला न मरणारे जंतू तयार झाले, हे टाकीसाठी बरं आहे, माणसासाठी नाही. गाळ काढला की उन्हात पूर्ण वाळवायचा आणि खोल पुरायचा. शेतात नाही, नाल्यात मुळीच नाही.

मामीला आता सगळं समजलं आहे. पत्र तिनेच उघडलं. ती रडली, मग हसली, मग म्हणाली की मुलगी हुशार आहे, घनश्यामला सांभाळेल. तुझ्यासाठी खोलीतली खाट रिकामी केली आहे.

प्रेमलाल


बालाघाट,
२८ ऑगस्ट १९६८

घनश्याम यांस,

पत्र लिहायला उशीर झाला. सकाळी टाकीच्या तोंडची जाळी साफ करणं, मग ढवळणं, मग दवाखान्यात बाबांना मदत. तुम्ही हे काम करत होता तेव्हा कुंपणाशी उभं राहायला एवढा वेळ कुठून काढत होता, हे मला आता कळेना.

टाकी चांगली आहे. बाबांनी कोठडीची किल्ली माझ्याकडे दिली. सेठच्या पाहुण्याच्या पेट्या अजून संपवायच्या आहेत. दिवसाला एक बाटली पाण्यात विरघळवून शेणाच्या काल्यासोबत देते, प्रेमलाल भाऊंनी मागून कळवलं तेवढीच. पावसाने तळं भरलं तेव्हा दोन दिवस दिलं नाही. दुसऱ्या तळ्यात बेडूक झाले आहेत. बाबा सकाळी चहा घेऊन तिथेच बसतात आणि मला विचारतात की आज कशी आहे. टाकीबद्दल विचारतात.

गाळ काढून वाळवला आणि नथ्थूकडून खोल खड्डा करून पुरला. वर दगड ठेवले.

तुमची पत्रं बाबांना वाचून दाखवावी लागतात. टाकीचा भाग वाचते. त्यामुळे टाकीचा भाग जरा मोठा लिहीत जा, बाबांना संशय येऊन राहिला की चार पानी पत्रात एवढंच कसं.

गेल्या आठवड्यात वाराशिवनीहून नवीन स्थळाचं पत्र आलं. मुलगा पोस्टात काम करतो, एकुलता आहे. मी पत्र बाबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले की मले लिहिता येत नाही असं, तूच लिही काय ते.

मी पोस्टकार्डावर लिहिलं: मुलीकडे सध्या दवाखान्याच्या टाकीचं काम आहे. निकाल लागेपर्यंत तिला वेळ नाही. क्षमा असावी.

बाबांनी कार्ड हातात घेतलं. कोणाचा निकाल ते लिहिलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग टोपी घातली, छत्री घेतली आणि एवढ्या पावसात ते टपालपेटीत टाकायला स्वतः गेले.

शीला